दोरीच्या आतली आई

माणसाचं मन वळवावं ते मीच! बढाई नाही, धंदाच आहे माझा तो. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात मी तक्रारींच्या काउंटरवर बसतो. डुगडुगणारं टेबल परत करायला तावातावाने आलेला माणूस माझ्याशी बोलून जाताना चार खुर्च्या घेऊन जातो, आणि वर मलाच 'थँक्यू' म्हणतो! माझा नियम एकच. मुद्द्यावर थेट यायचं नाही. आधी समोरच्याला एक सोय दाखवायची, मग दुसरी दाखवायची, की तो आपणहून मुद्द्यावर येतो.

या विद्येला आजवर एकच गिऱ्हाईक बधलं नव्हतं. माझी आई.

आई दुसऱ्या गावात, तिच्या दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहत होती. मागच्या थंडीत ती बाथरूममध्ये घसरून पडली. शेजारीण वेळेवर आली म्हणून निभावलं. तेव्हापासून मी एकच ध्यास घेतला होता, की आईला आता आपल्याकडे आणायचं. दर फोनला तिला आमच्या फ्लॅटची एकेक सोय ऐकवायचो. लिफ्ट आहे. दवाखाना समोरच आहे. गरम पाणी चोवीस तास आहे. ती "हो का? छान!" म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची. पालथ्या घड्यावर पाणी!

मग मला एक नामी युक्ती सुचली. आमच्या शहराबाहेर एक उद्यान आहे. या भागात सगळ्यात आधी येऊन राहिलेल्या लोकांची लाकडी घरं, त्यांची शाळा, लोहाराची भट्टी, बेकरी, असं सगळं ठिकठिकाणांहून उचलून आणून तिथे पुन्हा उभं केलंय. घराघरात त्या काळचे कपडे घातलेली माणसं बसवलेली असतात. बायकांच्या अंगावर करड्या शाली, पुरुषांच्या अंगावर जाडेभरडे कोट. आपण त्याच काळातले असल्याच्या थाटात ती लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

"आई चार दिवस आलीच आहे, तर तिला तिकडे नेऊ," मी बायकोला म्हणालो.

"आणि?"

"आणि काय? विहिरीचं पाणी, धुरकट चुली, कडाक्याची थंडी! हे हाल बघितले की फ्लॅटची किंमत कळेल तिला. संध्याकाळपर्यंत स्वतःहून म्हणते की नाही बघ, मी तुमच्याकडे येते म्हणून!"

"अहो, त्यापेक्षा सरळ विचारा ना त्यांना."

"सरळ विचारलं की माणूस सरळ नाही म्हणतो. हे धंद्यातलं आहे, तुला नाही कळायचं."

बायको गप्प बसली. तिचं गप्प बसणं हे मत असतं, हे मला कळतं, पण मी तिकडे कानाडोळा केला.

उद्यानात शिरलो आणि वारं सुटलं. आईने तिची करडी शाल डोक्यावरून घट्ट लपेटून घेतली. पहिल्याच घरापाशी मी कामाला लागलो.

"बघ आई, पाणी पार त्या टोकाच्या विहिरीवरून आणायचे बिचारे!"

"चालणं व्हायचं रे त्यांचं. तू कोपऱ्यावरून पाव आणायला गाडी काढतोस."

"आणि ही एवढीशी खोली! चूल, पलंग, सगळं एकातच!"

"किती आटोपशीर! झाडायला किती सोपं!"

बायको खिडकीतून बाहेर बघत हसत होती. मी हार मानली नाही. पुढच्या घराबाहेर पाटी होती, की हे घर मूळ जागेवरून सुटं करून, फळी न् फळी इथे आणून जोडलंय. मला हर्षवायूच व्हायचा बाकी होता! यापेक्षा चांगला मुद्दा देवानेही दिला नसता.

"बघितलंस? घरंसुद्धा जागा बदलतात, आई! हट्ट धरत नाहीत!"

आईने त्या फळ्यांवरून हात फिरवला. उंबऱ्याचं लाकूड मधोमध झिजलं होतं, तिथे ती जरा वेळ बघत राहिली.

"घर आणलं खरं," ती म्हणाली. "पण यात वावरणाऱ्या माणसांना कुणी विचारलं होतं का, येता का म्हणून?"

मी म्हणालो, "चहा घेऊ या का?"

आईचे गुडघे दुखायला लागले होते. तिला शेवटच्या घरापाशी झाडाखाली थांबवून आम्ही दोघं चहा आणायला गेलो. रांग मोठी होती. परत येतो तर झाडाखाली आई नाही!

चहाचे दोन पेले हातात घेऊन मी चौकशीच्या खिडकीकडे धावलो. "माझी आई हरवली!"

"कशा दिसतात?" आतल्या मुलीने विचारलं.

"पांढरे केस, करडी शाल."

तिने माझ्याकडे दयेने बघितलं. "साहेब, इथे सगळ्याच बायकांना करडी शाल असते. तो आमचा युनिफॉर्म आहे."

मी लोहाराची भट्टी पाहिली. बेकरी पाहिली. शाळेत एका करड्या शालीला पाठीमागून "आई!" म्हणून हाक मारली, तर जेमतेम विशीतली मुलगी वळून "काय बाळा?" म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. मला हसू येत नव्हतं. आई पडली तर नसेल? एवढा एकच विचार डोक्यात घुमत होता.

"अहो," बायको म्हणाली, "तिकडे गर्दी कसली दिसतेय?"

शेवटच्या घरात ही गर्दी! माणसं दारापर्यंत आली होती, मागची टाचा उंचावून बघत होती. मी पेले सांभाळत घुसलो. खोलीच्या मधोमध दोरी बांधलेली. दोरीपलीकडे चुलीत जाळ, चुलीपाशी लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत, मांडीवर विणकाम घेऊन, माझी आई!

झालं होतं ते अगदी आईसारखंच झालं होतं. बसायला जागा हवी होती, खुर्ची दोरीच्या आत होती. तिने दोरीचा आकडा काढला, आत गेली आणि आकडा पुन्हा लावून टाकला. कारण आत आल्यावर मागे दार उघडं टाकायचं नसतं! खुर्चीत अर्धवट विणलेला मोजा होता. टाच चुकलेली बघून तिच्याने राहवलं नाही. तिने ती उसवली आणि नव्याने विणायला घेतली. खरी शालवाली बाई जेवायला गेली होती. लोक आले, त्यांना वाटलं हीच ती! आणि आईला वाटलं, किती आपुलकीची माणसं आहेत इथली, अनोळखी बाईचीसुद्धा विचारपूस करतात!

"आजी, पाणी कुठून आणता?" एका बाईने विचारलं.

"नळाला येतं की! पण तो नळ गळतो. सुताराला दोनदा सांगून झालं, मग कळलं की नळ प्लंबर दुरुस्त करतो."

लोक खो खो हसले. माझ्या शेजारी टोपीवाला एक गृहस्थ बायकोला समजावत होता, "मुद्दाम जुनं-नवं मिसळतात बरं का. आता सगळीकडे हीच पद्धत आहे."

मी "आई!" म्हणणार, तेवढ्यात त्या बाईने विचारलं, "एकट्याच राहता?"

"एकटीच. हे गेल्यापासून."

"आणि पडलात-बिडलात तर?"

"पडले की! मागच्या थंडीत. बराच वेळ फरशीवर पडून होते. छताला एक जळमट दिसत होतं. म्हटलं, उठता आलं की आधी ते काढायचं."

कुणी हसलं नाही. फरशीवर बराच वेळ पडून होते, हे आईने मला कधीच सांगितलं नव्हतं. मला ती "जरा पाय घसरला" एवढंच म्हणाली होती.

"मुलगा नाही का तुम्हाला?"

"आहे ना! गुणी आहे."

"मग त्याच्याकडे का नाही जात?"

आईच्या सुया थांबल्या. "तो बोलावतो कुठे? लिफ्ट आहे म्हणतो, समोर दवाखाना आहे म्हणतो. अहो, ऐकताना वाटतं हा मला कपाट विकतोय! आता मी काय लिफ्टकडे राहायला जाऊ? एकदा तरी म्हणावं ना माणसाने, की आई, ये, मला तू हवीस. मग मी कशी नाही म्हणेन?"

आणि अशा वेळी माझ्या तोंडून काय बाहेर पडावं?

"आई, मुद्दा असा आहे, की एकंदर सोयीचा विचार करता..."

बायकोने कोपराने असं ढोसलं की एका पेल्यातला चहा उडाला! "सरळ बोला," ती दातओठ खात म्हणाली.

"आई!" मी ओरडलोच. सगळ्यांच्या माना वळल्या. "तू पडलीस तेव्हापासून फोन वाजला की वाटतं, तू पुन्हा पडलीस! आता झाडाखाली दिसली नाहीस तर शाळेतल्या मुलीलासुद्धा आई म्हणून हाक मारली मी! लिफ्ट गेली खड्ड्यात! तू ये. मला तू हवीस. घरी आलो की तू दिसायला हवीस!"

आणि मी रडलो. चांगला घोडा झालोय, तक्रार काउंटरवर भल्याभल्यांची बोलती बंद करतो, आणि तिथे दोन्ही हातांत चहा धरून, नाकसुद्धा पुसता येत नाही अशा अवस्थेत मी ढसाढसा रडलो.

आईने माझ्याकडे बघितलं. तिचेही डोळे भरून आले होते.

"रडू नकोस, चहा सांडतोयस," ती म्हणाली. "येते मी. एवढी टाच होऊ दे."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! लोक उभ्याने टाळ्या वाजवत होते. प्रश्न विचारणारी बाई डोळे पुसत होती. टोपीवाला गृहस्थ बायकोला म्हणाला, "म्हातारी एक नंबर! मुलगा मात्र जरा अतिच करतो."

तेवढ्यात खरी शालवाली जेवून परतली. "ह्या कोण माझ्या घरात? आणि माझा मोजा कुणी उसवला? मी इथे कामाला लागले तेव्हापासून तो तसाच होता!"

"तरीच," आई म्हणाली. "बस इथे, दाखवते तुला."

मागोमाग उद्यानाचे व्यवस्थापक आले. आता आपली वरात निघणार, या तयारीने मी पेले खाली ठेवून हात जोडले. पण ते भारावून गेले होते. "इतकी वर्षं झाली, या घरात लोक दोन मिनिटांच्या वर थांबत नाहीत! आजी, शनिवार-रविवार याल का?"

"मी बेकरीत जाते!" शालवाली ताबडतोब म्हणाली. "तिथे ऊब असते आणि ताजा पाव असतो!"

आई माझ्याकडे वळली. "तुझ्याकडून हे जवळ पडेल, नाही का रे? सोयीचं आहे."

सोय! हा शब्द तिने मुद्दाम वापरला, हे मी शपथेवर सांगतो.

तर आई आता आमच्याकडे राहते. येताना तिच्या घरचा उंबरठा आणला नाही एवढंच, बाकी सगळं आणलं. लिफ्ट तिला काडीमात्र आवडत नाही. शनिवार-रविवार मी तिला उद्यानात सोडतो. सोडतो म्हणजे, मलाही थांबावं लागतं. व्यवस्थापकांच्या आग्रहावरून प्रत्येक खेळाला मी चहाचे दोन पेले घेऊन गर्दीत उभा असतो, आणि आई सुया थांबवून माझ्याकडे बघते. त्यांची मला एकच सूचना आहे: रडणं जरा कमी करा, खोटं वाटतं. मी प्रयत्न करतोय हो, पण अजून जमत नाही!