धटिंगणाची तीन वाक्यं

बायको गेल्याचं दवाखान्यातून कळलं तेव्हा मिस्त्री एका गिऱ्हाइकाच्या कपाटाला दार बसवत होते. फोन ठेवून त्यांनी उरलेले दोन स्क्रू आवळले, दार सरळ बसलं का ते पाहिलं आणि मग खाली बसले.

तीन महिन्यांनी, एका मंगळवारी, शब्दकोशाच्या कचेरीतून संपादकबाई घरी आल्या. मिस्त्रींच्या बायकोने तिथे सव्वीस वर्षं एकच काम केलं होतं. एका शब्दाला एक कार्ड, आणि त्या कार्डावर तो शब्द वापरून तीन वाक्यं.

"मिस्त्रीकाका, ‘ध’ची सगळी कार्डं ताईंनी पुरी केली. एकच राहिलंय. धटिंगण."

"मग?"

"दुसऱ्या कुणी पुरं केलं तर ‘ध’वर त्याचंही नाव छापावं लागतं. नियमच आहे. ताईंनी घरी लिहून ठेवलं असेल तर सोमवारी आणून द्या. मग नाव एकट्या ताईंचं."

"आहे की. कपाटात आहे," मिस्त्री म्हणाले.

कपाटात कार्ड होतं. कोरं होतं.

तिची पद्धत त्यांना पाठ होती. वाक्य खरं हवं. ते दाराबाहेर चिकटवायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शब्द न विचारता कळला पाहिजे. शेजारचं मांजर मेलं तेव्हा त्याच्यावरचं वाक्य खोडून तिने नवं लिहिलं होतं.

मिस्त्री लाकडावर खुणा करायची पेन्सिल घेऊन बसले. धटिंगण म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे तळमजल्यावरचा टेम्पोवालाच आला. तासाभरात कागद दाराबाहेर लागला.

‘एक धटिंगण रोज सकाळी लाथ मारून फाटक उघडतो. हा धटिंगण लिफ्टमध्ये म्हाताऱ्यांना ढकलून आधी शिरतो. दुसऱ्याच्या जागेत गाडी लावून धटिंगण वर डोळे वटारतो.’

संध्याकाळी पहिली बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या.

"काका, तोंडावर बोलायचं होतंत. ड्यूटीला उशीर झाला होता हो त्या दिवशी. आजोबांना धक्का लागला खरा."

"अहो, तुमच्याबद्दल नाही ते."

"राहू द्या. आजपासून मी जिन्यानेच जाईन."

मग शिंपी आला. त्याने स्कूटर आधीच काढून रस्त्यापलीकडे लावली होती.

"मिस्त्री, डोळे मात्र मी वटारले नव्हते. माझे आहेतच तसे."

शब्दाचा अर्थ कुणीही विचारला नाही. मिस्त्रींना बरं वाटलं. वाक्यं पास होत होती.

शेवटी टेम्पोवाला आला. कंबरेवर हात ठेवून त्याने कागद दोनदा वाचला.

"कोण हो हा?"

मिस्त्री दाराआड सरकले. "असेल कुणीतरी."

"फाटक काय याच्या बापाचं आहे? काका, तुम्ही काळजी करू नका. याला मी रंगेहाथ पकडतो."

दुसऱ्या दिवसापासून टेम्पोवाला पहाटेच फाटकापाशी उभा राहिला. येईल त्याला फाटक स्वतः उघडून देई, कडी हळूच लावी. टेम्पो तिथून दिसावा म्हणून त्याने तो दुसऱ्याच्या जागेतून काढून स्वतःच्या जागेत लावला. लिफ्टपाशी तर आता कुणीच आधी शिरेना. "तुम्ही व्हा पुढे", "छे, आधी तुम्ही," यातच ती वर निघून जाई.

शनिवारी मिस्त्रींनी कागद उतरवला आणि वाचला. तिन्ही वाक्यं खोटी झाली होती. बायकोने तीनही खोडली असती.

ते खाली गेले.

"एक काम करता का? एकदाच लाथ मारा ना फाटकाला."

"मी?" टेम्पोवाला दुखावला. "काका, मी काय धटिंगण आहे? चार दिवस चहा सोडून उभा आहे इथं. एक सापडला तर शपथ!"

मिस्त्रींनी चप्पल सावरली आणि फाटकाला सणसणीत लाथ घातली.

"सापडला!" टेम्पोवाल्याने दंड धरला. मग त्याने तोंडाकडे पाहिलं. "मिस्त्री? तुम्ही?"

"हो. मीच."

"या वयात?"

"या वयात."

टेम्पोवाल्यानेच त्यांना धरून वर आणून सोडलं. अंगठा सुजला होता. तो पाण्यात बुडवून मिस्त्रींनी कार्डावर लिहिलं, ‘बायको गेल्यावर वरचा सुतार धटिंगण झाला आणि फाटकाला लाथा मारू लागला.’ वाचलं. शेवटी ‘त्याने फाटकाला लाथ मारली’ असं दुरुस्त केलं, कारण मारली होती एकच.

कार्ड सोमवारी द्यायचं आहे. दोन वाक्यं लिहायची राहिली आहेत.