आंब्याखाली कूलर

यंदा धोंड्याचा महिना ऐन मेमध्ये आला, आणि मी ठरवून टाकलं, जवाईबापूंचं जेवण घरात नाही, मागच्या सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, टोकाला आंब्याखाली! (आमच्या गोंडपिपरीकडे मे महिन्यात शहाण्या माणसाने काही ठरवूच नये.)

मागच्या धोंड्याला जवाईबापू, म्हणजे सुरेंद्रराव, उकाड्याने भर ताटावरून उठून गेले होते. अनारशाला बोटही लावलं नाही. तेव्हापासून आमच्या रंजीताला तिची सासू ऐकवते, "तुह्या बापाच्या घरी माणूस उकडून निंगते!" हे माझ्या जिव्हारी लागलं होतं. यंदा माणूस पोटभर जेवूनच गेला पाहिजे.

आंब्याखाली प्लग कुठला? गणपतीच्या लायटिंगच्या जुन्या वायरी जोडल्या, टेप गुंडाळली आणि थेट झाडापर्यंत लाईन नेली.

"अवो, हे सुतळीसारखी वायर कूलर ओढंल का जी?" आमच्या सौभाग्यवतीने, आशाबाईने विचारलं.

"करंट म्हणजे पाणी. नेशील तिकडे जाते," मी म्हणालो. (मी बारावी सायन्सपर्यंत शिकलो आहे. पास झालो असं कुठे म्हटलं?)

जवाईबापू आले, बसले. मी ऐटीत कूलर लावला. पंख्याची पाती सावकाश मोजून घ्यावीत अशी फिरू लागली.

"मामाजी," जवाईबापू घाम पुसत म्हणाले, "हा चालू होऊन राह्यला का बंद होऊन राह्यला?"

एकाने भागत नाही म्हणून शेजारच्या मुखरूभाऊचा कूलर आणून त्याच वायरीला जोडला. आता दोघेही नुसते कण्हू लागले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळं व्होल्टेज गल्लीच खाऊन राह्यली! मी दारोदार फिरलो. "भाऊ, जवाई आला आहे. घडीभर पंखे-कूलर बंद ठेवा जी."

आमच्याकडे एका घरचा जवाई अख्ख्या गावाचा जवाई. कोणी नाई म्हटलं नाही. पटापट बटणं बंद झाली. आणि घरात बसवेना, म्हणून अख्खी गल्ली लेकराबाळांसकट माझ्याच कूलरसमोर येऊन बसली!

कूलर तरी ढिम्म. तेवढ्यात मुखरूभाऊचा पाय वायरीला लागला.

"अगा बाप्पा! गुणवंतराव, तुमची तार तं तव्यासारखी तापली!"

सरकारी कचेरीत जन्म गेला माझा. वरून निघालेला निधी टेबलाटेबलावर झिजत खाली कसा पोचतो, हे मला कोणी सांगायला नको. तीच गत या वायरीतल्या करंटची. आणि इथली सगळी टेबलं मीच जोडली होती.

पाहतो तर जवाईबापूंची खुर्ची रिकामी! गेला, यंदाही पळाला! धावत घरात शिरलो.

गल्ली बंद असल्यामुळे आमचा म्हातारा पंखा कधी नव्हे तो गरगर फिरत होता. त्याखाली जवाईबापू पाय ताणून बसले होते, हातात अनारसा.

"मामाजी, तुमच्या घरी का मस्त हवा आहे जी! मी तं आज मुक्कामच करतो."

मला भरून आलं. मी पंख्याखाली टेकणार, तोच आशाबाई म्हणाली, "तुमी बाहीरच बसा. आत्ताच कुठं बरं चालून राह्यलं."

आता गल्लीत कोणाचा पंखा मंदावला, तर व्होल्टेज गेलं असं कोणी म्हणत नाही. "गुणवंतराव आला वाटते," म्हणतात. परवा आमचाच पंखा मंदावला. आशाबाईने वर बघितलं आणि लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच माझं नाव घेतलं.