खाडीचं माहेर

खारवणची खाडी दर वर्षी पौषात माहेरी जाते.

एका सकाळी ओहोटी लागते, पाणी नेहमीसारखं समुद्राकडे निघतं आणि भरतीला परत येत नाही. होड्या चिखलात कलंडतात. माणसांना होडीने पलीकडे सोडणारा तरवाला आपल्या गावी जाऊन येतो, आणि पलीकडच्या वाडीतली माणसं चपला हातात घेऊन चालत बाजाराला येतात. कोणी तक्रार करत नाही. बारा महिने दिवसातून दोनदा भरायचं आणि दोनदा ओसरायचं म्हणजे काय खायचं काम आहे? सागरी पोलिसांची गस्त एकदा विचारायला आली होती, खाडी कुठे म्हणून. माहेरी, असं सांगितल्यावर ते परत गेले. त्यांच्याही घरी बायका आहेत.

तिला परत आणायचा मान खोबरेकरांच्या घराण्याचा. संक्रांतीच्या आत दत्ताराम खोबरेकर होडी घेऊन समुद्रात जातो, घरची बाई खाडीची ओटी भरते, आणि खाडी होडीमागून घरी येते. येताना माहेरची पाठवणी म्हणून मासे आणते. काळुंदर, शेवटे, मुडदुशे. गावाचे पुढचे दोन महिने त्यावर निघतात.

नियम एकच. तिला हाक मारायची नाही. होडीत बसायचं, मासे धरायची गरी पाण्यात सोडायची आणि वाट बघायची. शेजारच्या गावात एका उतावळ्या माणसाने काठावरूनच ओरडून बोलावलं होतं, "चल गो, किती दिवस झाले!" ती खाडी आली नाही ती नाहीच. तिथे आता क्रिकेटच्या मॅचेस होतात, आणि तरीच्या होडीत कोणीतरी शेळ्या बांधतं.

इतकी वर्षं ओटी भरायला दत्तारामची बायको जायची. ती आषाढात गेली. म्हणून यंदा होडीत सून बसली. रतन.

रतनला होडीची सवय होती. तीही समुद्रकाठचीच, दक्षिणेला मोरवंडची. लग्नानंतर ती दोनदा माहेरी गेली, त्यानंतर सासू अंथरुणाला खिळली. सासू गेल्यावर दिवसकार्य आलं, मग मासळीची सुकवण आली. नवरा मालवाहू जहाजावर, तो वर्षाने येणार. मधल्या काळात मोरवंडला आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आई फोनवर म्हणायची, "आता सगळा लख्ख दिसता गो. फक्त तुकाच बघूक नाय." रतन हसून विषय बदलायची आणि फोन ठेवल्यावर चुलीपाशी जाऊन रडायची, कारण तिथे धुराचं निमित्त असतं. तिला एकदा आईसमोर जाऊन उभं राहायचं होतं, एवढंच.

दत्ताराम काही दुष्ट माणूस नव्हता. तो सुनेला कधी आवाज चढवून बोलल्याचं कोणी ऐकलं नाही. फक्त तिने माहेरचं नाव काढलं की तो म्हणायचा, "जाशीत गो. शिमगो होऊ दे." असे दोन शिमगे झाले होते.

गावाने होडी चिखलावरून ओढत नेऊन समुद्रात ढकलली. सकाळची थंडी होती. दत्तारामने कानाला मफलर बांधला होता, आणि रतनच्या मांडीवर टोपली होती. टोपलीत नारळ, हिरवा खण आणि तिळाचे लाडू. खडक ओलांडल्यावर निळ्या समुद्रात एक लांबलचक मातकट पट्टा दिसला. हात घातला तर कोमट, आणि कांदळवनाचा वास. खाडी आईच्या कुशीत पडून होती.

दत्तारामने वल्ही आत घेतली आणि नांगर सोडला.

"हाक मारूची नाय," तो कुजबुजला. "बसान ऱ्हवाचा. येवचा तेव्हा येतली."

रतनने गरी सोडली. बऱ्याच वेळाने दोरीला हिसका बसला. वर आली ती बोटभर शिंगटी, काटे फुगवलेली.

"मन नाय अजून तिचा," दत्ताराम म्हणाला. त्याने शिंगटी जपून सोडवली आणि पाण्यात परत सोडली. "तांबोशी लागली काय समजायचा, निघाली."

ऊन वर आलं. सरपंच मेतरांचा फोन येऊन गेला, खाडी काय म्हणते म्हणून. दत्तारामने हळू आवाजात सांगितलं, पडून आहे. मग रतनने ओटी भरली. नारळ क्षणभर तरंगला आणि कोणीतरी हातात घ्यावा तसा खाली गेला. खण गेला, लाडू गेले.

"म्हातारी खंय?" खाडीने विचारलं.

"आषाढात गेली," दत्ताराम म्हणाला.

"म्हायत आसा. माझ्याच पाण्यात सोडलास तिका. तुझ्या तोंडसून ऐकूचा होता. ह्या कोण?"

"सून माझी. रतन. आता मान तिचो."

पाणी होडीच्या कडेला येऊन रतनच्या बोटांना लागलं. "तू माहेराक कधी गेल्लंस गो?"

रतन सासऱ्याकडे बघायला लागली. खोटं बोलायला तिची जीभ वळेना आणि खरं बोलायची सवय राहिली नव्हती.

"जायत ती," दत्तारामने घाईने सांगितलं. "शिमगो झालो काय जायत."

"बरा," खाडी म्हणाली. "मगे मी पण शिमगो झालो काय येयन."

दत्तारामच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने खाडीची समजूत घातली. पुढच्या वर्षी जरीचं लुगडं आणीन म्हणाला. काठाला टाकलेला प्लास्टिकचा कचरा उचलायला लावीन म्हणाला. खाडी ऐकून घेत होती. माहेरी माणूस सगळं शांतपणे ऐकून घेऊ शकतं.

"गाव वाट बघता गो बाये," तो शेवटी म्हणाला. "आणि ही गेली तर घरचा कोण बघतला? कोंबडी आसत, सुकवण आसा, दोन वेळची भाकरी..."

"तुझा भाकरीवाचून अडता. गावाचा माझ्यावाचून अडता. तिच्या आवशीचा कोणावाचून अडता, ता इचारलंस कधी?"

दत्तारामने गरीची दोरी चाचपून बघितली. मग रतनला विचारलं, "आवशीच्या डोळ्यांचा काय झाला गो?"

"मोतीबिंदू काढलो. कार्तिकात."

"सांगलंस नाय माका."

"सांगलेलंय, आबानूं. तुमी म्हणालात, बरा झाला, आता काय घाई."

तो तसं म्हणाला होता. रतनला ते वाक्य तोंडपाठ होतं, कारण ते तिला फार लागलं होतं. दत्तारामलाही आता ते आठवलं असावं, कारण त्याने मफलर सोडून पुन्हा बांधला. मग उठला आणि नांगर ओढायला लागला. होडीचं तोंड दक्षिणेला वळलं तेव्हा रतनला आधी वाटलं, वाऱ्याने वळली. थोड्या वेळाने तिला मोरवंडचा डोंगर दिसला आणि तिने दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली.

"माझ्या अंगार घरचा पातळ आसा," ती म्हणाली. "आणि हातात कायच नाय."

तेवढ्यात तिच्या गरीला जोराचा हिसका बसला. वर आली ती हातभर लांब लालबुंद तांबोशी. खाडी मोरवंडपर्यंत सोबत आली होती.

"आवशीक दी," खाडी म्हणाली. मग दत्तारामकडे वळून बोलली, "मी हयसरच खडकाभायर आसंय. तिका आणूक येशीत तेव्हा माका वाटेत घे. कशी आणूची, ता तुका म्हायत आसा."

रतन गुडघाभर पाण्यात उतरली आणि मासा पोटाशी धरून चालत सुटली. दत्तारामने रिकामी होडी खारवणकडे वळवली.

आईने दारात तिला पाहिलं आणि नुसती पाहत राहिली. आधी चेहरा, मग हात, मग पुन्हा चेहरा. "कानामागे केस पिकलो गो तुझो," ती म्हणाली. "फोनवर ह्या दिसूक नाय." आणि दोघी हसता हसता रडल्या. मग तांबोशीचं झणझणीत तिखलं झालं.

खारवणहून सरपंचांचा फोन आला. खाडीचं काही कळलं का, असं त्यांनी आडून विचारलं. रतनने सांगितलं की ती सुखरूप आहे. सरपंचांनी ग्रामस्थांना तसं कळवलं. रतन उशिरा उठत होती, आयतं खात होती. संक्रांत झाली. तिने शेजारणींना हळदीकुंकू दिलं.

मग एका सकाळी आई तिला अंगणात उन्हाला बसवून डोक्याला तेल लावत होती. समोर समुद्रात एक होडी येऊन थांबली. होडीभोवतीचं पाणी मातकट होतं. होडीत मफलर बांधलेला माणूस होता. शेजारी टोपली, आणि टोपलीतून नारळाची शेंडी आणि हिरव्या खणाचा कोपरा दिसत होता. त्याने नांगर सोडला, गरी सोडली. किनाऱ्याकडे बघितलं नाही, हाकही मारली नाही.

"आबा इले तुझे," आई म्हणाली. नव्या डोळ्यांना आता लांबचंही दिसत होतं. "च्यायेक तरी बोलय तेंका."

"बोलवूचा नसता, आये. तेंका म्हायत आसा." रतनने डोकं पुन्हा आईच्या हाताखाली सारलं. "तू लाव. अर्ध्याच डोक्याक लावलंस."

होडीत दत्तारामने दोरी वर ओढली. गरीला बोटभर शिंगटी होती. त्याने ती जपून सोडवली, पाण्यात परत सोडली आणि गरी पुन्हा खाली टाकली.