वाघाची गाडी लेट

सहावीची पोरं आठ दिवसांत मोबाइलवर बोलती गोष्ट बनवतील आणि ती अकोल्याच्या स्पर्धेत पहिली येईल, असं आकांक्षा मॅडमनी हेडमास्तर जानराव सरांना सांगून टाकलं. नुसतं ‘बनवतील’ म्हणून थांबता आलं असतं. सरांनी दोन्ही गोष्टी ऑफिसातल्या फळ्यावर लिहून ठेवल्या.

गोष्ट शेळीची आणि वाघाची. चित्रांसाठी मॅडमचा फोन होता. आवाजासाठी दुसरा हवा होता, आणि हिवरखेडात हक्कानं मागता येईल असा एकच होता, मॅडमच्या आईचा. मनकर्णाबाईंनी फोन पदराखालून काढला, पण हातात दिला नाही.

“त्यात तुह्या बाबाचे अकरा आवाज हायत. जसेच्या तसे वापस आनशील काय?”

“आणीन आई. पोरं हुशार आहेत.”

“म्हनूनच इचारून राहिली.”

नत्थुजी बडनेऱ्याला रेल्वेत होते. शनिवारी घरी निघाले की स्टेशनावरून बायकोला व्हॉइस मेसेज करत. पौषात ते गेले. अकराही मेसेजांचा मजकूर एकच, पण मनकर्णाबाईंच्या लेखी अकराही वेगळे. एकात मागं चहावाला होता, एकात पाऊस, एकात नत्थुजी खोकले होते आणि खोकल्याबद्दल काहीच बोलले नव्हते.

मॅडमनी वर्गात दोन नियम सांगितले. फोन भरला की नको ते काढून जागा करायची. आणि पात्राचा आवाज खरा वाटला पाहिजे. आईच्या फोनातलं काय काढायचं नाही, हा तिसरा नियम होता. पण तो सांगताना आपला आवाज साथ देईल याची खात्री नव्हती, म्हणून राहिला.

स्पर्धेच्या दिवशी सगळे एसटीनं निघाले, मनकर्णाबाईही. गोष्टीचा शेवट पोरांनी मॅडमनाही दाखवला नव्हता; ते सरप्राइज होतं. मॅडमनी सहज आईचा फोन उघडला. मेसेजांची जागा झाडून घेतलेल्या अंगणासारखी स्वच्छ होती.

“शाकीब, यातले व्हॉइस मेसेज?”

“काढले मॅडम. फोन भरला होता.”

“अकराही?”

“ऐकूनच काढले,” आचल म्हणाली. “सगळे सारखेच होते.”

मनकर्णाबाई खिडकीतून कपाशी पाहत होत्या. “काय झालं वं?”

“काही नाही आई. रेंज नाही.”

अकोल्याच्या हॉलमध्ये शेळीनं आचलच्या आवाजात दोन मिनिटं गाणं म्हटलं. ती दोन मिनिटं बरीच लांब होती. मग झुडपामागून शाकीबनं काढलेला वाघ आला. पट्टे सोडले तर तो बैलच होता. त्यानं जबडा उघडला.

“ऐकलं काय, मी निघून राहिलो. गाडी लेट हाय. तुमी जेवून घ्या, माह्यासाठी थांबू नोका.”

मागं पाऊस पडत होता.

हॉल हसला. दुसऱ्या रांगेतून मनकर्णाबाई तीस वर्षांच्या सवयीनं मोठ्यानं म्हणाल्या, “जेवतो आमी. तुमी या सावकाश.” लोकांना तेही गोष्टीतलंच वाटलं. टाळ्या पडल्या.

परीक्षकांनी चष्मा पुसला. “वाघाला गाडी कशाला?”

“लेट झाला म्हनून तर शेळी वाचली सर,” शाकीब म्हणाला.

“आणि हा आवाज कोणाचा?”

“फोनमधला. आमच्यात कोनाचाच खरा वाटे ना. हे बोलले की खरं वाटते.”

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. शेरा होता : वाघ अधिक उग्र हवा.

परतीच्या एसटीत मॅडमनी सांगून टाकलं. “आई, दहा गेले. गोष्टीत घातला तेवढा एकच राहिला.”

मनकर्णाबाईंनी फोन मागून घेतला आणि पदराखाली ठेवला. मग म्हणाल्या, “खोकल्याचा गेला काय?”

“गेला.”

“जाऊ दे. तो मी ऐकतच नवती.”

जानराव सरांनी फळ्यावरचा ‘पहिली’ शब्द पुसला. मॅडमच्या घरी मात्र आता दर शनिवारी जेवणाआधी गोष्ट लागते. वाघ यायच्या आधी शेळीचं गाणं पूर्ण ऐकावं लागतं. पहिल्या शनिवारी आकांक्षानं स्क्रीनवर बोट ठेवलं.

“आई, गाणं पुढं ढकलू का?”

“राहू दे,” मनकर्णाबाई ताटं मांडत म्हणाल्या. “तुहा बाप कधी वेळेवर आला होता काय?”