कोरडा आणि गप्प

"पावसातल्या शिकारीचं सगळं शास्त्र दोनच गोष्टींत आहे. कोरडं राहायचं आणि गप्प राहायचं," असं डेसने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि मग गप्प राहण्याच्या विषयावर तो पाऊण तास बोलला. हातवारे करता करता चहाचा कप त्याच्याच मांडीवर कलंडला, तेव्हा शास्त्राचा उरलेला अर्धा भागही निकालात निघाला.

ऐकणारे होते होणारे व्याही. पेम्बर्टन नवरा-बायको आदल्याच दिवशी क्राइस्टचर्चहून आले होते. शनिवारी गावच्या हॉलमध्ये त्यांच्या मुलाचं डेसच्या मुलीशी लग्न होतं आणि जेवणात हरणाचं मांस असेल, तेही मुलीच्या बापाने स्वतः मारलेल्या हरणाचं, असा शब्द डेसने देऊन ठेवला होता. नुसता शब्द दिला असता तरी चाललं असतं. त्याने होकिटिका गावातल्या खाटकाला फोन करून बायकोने सांगितलेलं मटणही रद्द केलं होतं. त्यावर त्याची बायको नोएलिन एवढंच म्हणाली होती, "लोकांना नुसते बटाटेच वाढायचे असतील तर आधी सांग. जास्त सोलावे लागतील."

आज गुरुवार उजाडला होता आणि पाऊस सोमवारपासून पडत होता. न्यूझीलंडच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाचं कुणी मनावर घेत नाही. सलग दोन दिवस ऊन पडलं तर मात्र लोक एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात.

डेसची सगळी भिस्त नव्या रेनकोटावर होती. अंगात घालून चाललं तरी त्याचा आवाज होत नाही, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं. डेसने रीतसर परीक्षाही घेतली होती. त्याचा सासरा क्लॅरी, नव्वदीला टेकलेला आणि एके काळी हरणं मारण्याची सरकारी नोकरी केलेला, स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला असताना डेस रेनकोट घालून त्याच्या खुर्चीभोवती फिरला. क्लॅरीने मान वर केली नाही. रेनकोट पास झाला.

"बाबांना लाकूड कापायच्या गिरणीतलं काम सोडल्यापासून ऐकू येत नाही," नोएलिन म्हणाली. "तू गळ्यात ढोल बांधून फिरला असतास तरी पास झाला असतास."

हे म्हणणं किती खरं होतं, ते डेसला जंगलात शिरल्या शिरल्या कळलं. नेच्याचं पहिलंच पान बाहीला घासलं आणि भर प्रार्थनेत कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडावं तसा आवाज झाला. वर दरीत एक नर हरीण डुरकत होतं. दिवस त्यांच्या माजाचे होते. डेसने पाऊल टाकलं की ते गप्प व्हायचं, डेस थांबला की पुन्हा डुरकायचं. थोड्या वेळाने डेसला असं वाटायला लागलं की ते आपल्याला साथ देतंय.

त्याने रेनकोट काढला, घडी केली आणि पाठीवरच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवला. आता रेनकोटाची जोडीदार विजार बोलायला लागली. दोन्ही मांड्या एकमेकींच्या कानात काहीतरी कुजबुजत असल्यासारखी. तीही पिशवीत गेली. राहिली आतली लोकरीची पँट. ती भिजली तर घरी जाताना काय घालायचं, म्हणून ती कोरडी ठेवणं शास्त्राला धरूनच होतं. मग बुटांत पाणी शिरलं आणि ते पचक पचक करू लागले. बूट, मोजे, पिशवी. शेवटी डेस नावाचा साठीचा गृहस्थ गंजीफ्रॉक आणि लोकरीचा लांब लेंगा, जो पँटीच्या आत घालायचा असतो, एवढ्यावर बंदूक घेऊन पावसात उभा होता. कपडे एकूण एक कोरडे होते. कोरडं राहायचं एवढंच शास्त्रात होतं. कोणी, ते सांगितलेलं नव्हतं.

पिशवीही फांद्यांना अडकत होती, म्हणून ती ओढ्याकाठच्या एका ढोलीत सुरक्षित ठेवून तो पुढे निघाला. आणि खरोखर, त्याचा आवाज होईना. शेवाळावरून अनवाणी पावलं टाकत तो इतका जवळ पोचला की हरणाच्या पापण्या दिसल्या. डावं शिंग वाकडं असलेला भलाथोरला नर. डेसच्या डोळ्यांसमोर सबंध हॉल जेवायला बसला. त्याने बंदूक उचलली, काडतूस घालायला हात खिशाकडे नेला आणि आपल्याला खिसाच नाही हे त्याच्या लक्षात आलं.

काडतुसं रेनकोटाच्या आतल्या खिशात होती. चेनच्या खिशात. कोरडी.

हरणाने त्याच्याकडे पाहिलं, लेंग्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागलं. ते पळालंसुद्धा नाही, याचं डेसला नंतर जास्त वाईट वाटलं.

तो ढोलीपाशी परतला, तेव्हा ढोली पाण्याखाली होती आणि ओढ्याची नदी झाली होती. पिशवी इतकी उत्तम होती की बुडालीच नाही. नंतर कळलं त्याप्रमाणे, ती तरंगत गावापर्यंत गेली आणि पुलावर छत्री घेऊन पूर बघत उभ्या असलेल्या मिसेस पेम्बर्टनना दिसली. उघडल्यावर आत रेनकोट, पँट, मोजे आणि शेजारी शेजारी ठेवलेले बूट. एवढं सगळं व्यवस्थित काढून ठेवलेलं आणि माणूस नाही, याचा शहरातली माणसं एकच अर्थ लावतात. अग्निशमन दलाचा भोंगा वाजला. सगळं गाव रस्त्याने आणि नदीकाठाने डेसच्या नावाने हाका मारत निघालं. क्लॅरी आपला जुना पिकअप घेऊन निघाला. हॉर्न ऐकू येत नसल्यामुळे त्याने तो दाबूनच धरला होता.

एव्हाना डेस टेकडी उतरून रस्त्याच्या कडेला आला होता. हाका ऐकून तो ओ देणार, इतक्यात सर्वांत पुढे व्याही दिसले. मिस्टर पेम्बर्टन, टाय लावलेले. डेसने स्वतःकडे पाहिलं. लोकरीचा लेंगा पाणी पिऊन गुडघ्यांपर्यंत लोंबत होता आणि एका हाताने धरून ठेवावा लागत होता. तो नेच्याच्या झुडपामागे बसला.

व्याही आणि नोएलिन त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबले.

"जवळपास असते तर आवाज दिला असता ना त्यांनी?" मिस्टर पेम्बर्टननी विचारलं.

"डेसने? शुद्धीवर असेल तर तो गप्प राहायचा नाही," नोएलिन म्हणाली. तिचा आवाज जरासा कापला.

यावर डेसला पुष्कळ बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो बोलला नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, आपण जे करतोय त्याला शास्त्र म्हणत नाहीत, हे त्याला स्पष्ट दिसलं. लेंगा सावरून तो उठणार, तोच वळणाकडून धाडकन आवाज आला आणि हॉर्न बंद पडला. सगळे तिकडे धावले. डेस मागच्या वाटेने, काट्याकुट्यांतून, घराकडे धावला.

लोक परत आले तेव्हा तो स्वयंपाकघरात शेगडीपुढे ठिबकत उभा होता. पाठोपाठ क्लॅरी आला. नखशिखांत भिजलेला, बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात सगळं सांगत. गावाच्या आरडाओरड्याने बुजून एक नर थेट रस्त्यावर आला होता आणि पिकअपवर आदळला होता. पिकअपचा दिवा गेला, हॉर्न गेला, पण मांस शनिवारला पुरून उरेल. "शिंगं काही खास नाहीत," क्लॅरी ओरडून म्हणाला. "डावं वाकडंच आहे."

मिस्टर पेम्बर्टन खिडकीकडे बघू लागले. मिसेस पेम्बर्टननी आतून कोरडी पिशवी हळूच टेबलावर ठेवली. डेसने घसा साफ केला.

"तत्त्व म्हणून बघितलं तर," तो म्हणाला, "कोरडं राहणं आणि गप्प राहणं, यात चूक अशी काही..."

नोएलिनने त्याच्याकडे डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. तिचे डोळे लाल होते. मग ती हलकेच त्याचा दंड धरून म्हणाली,

"डेस, जरा बाजूला सरकतोस का? बाबांचे मोजे वाळत घातलेत, त्यांच्यावर तुझं पाणी गळतंय."