पडसं नाकाला, जिभेला न्हाय!

"ह्याला कालवण म्हणतंस? हे गरम पाणी हाय गरम पाणी!"

नीराबाईने तळहातावरचा रस्सा चाटला आणि पळी भांड्यात अशी आपटली की सुनेच्या, कमळच्या, कपाळावर शिंतोडे उडाले. बिचारी कमळने पदराने कपाळ पुसलं. सासूबाईंचं नाक लाल झालं होतं, डोळे पाणावले होते, आवाज मडक्यातून यावा तसा येत होता.

बोर्लीजवळच्या त्या कोळीवाड्यात नीराबाईच्या कालवणाचा दबदबा होता. आणि आज तर काशीला, तिच्या एकुलत्या एक लेकीला, बघायला अलिबागकडचे पाव्हणे जेवायला यायचे होते. मुलगा शिवदास, त्याची आई आवडाबाई आणि आजा बाळाजी. त्या घरात शब्द चालायचा तो या आज्याचा. "पोर चांगली, पण कालवणाला चव न्हाय," असं तोंडावर सांगून म्हातारा दोन घरांतून भरल्या ताटावरून उठला होता. काशीने शिवदासला शिमग्याला पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिचं कामात लक्ष नव्हतं. त्यामुळे आजचं कालवण म्हणजे काशीचा संसार होता.

"आत्याबाय, कालवण बरं हाय," कमळ हळूच म्हणाली. "तुमाला पडसं झालंय."

पडसं झालेल्या माणसाला पडसं झालंय असं सांगणं हा आपल्याकडे अपमान समजतात.

"पडसं नाकाला झालंय, जिभेला न्हाय!" नीराबाई गरजली. "मीठ कळतंय मना, चिंच कळतंय. मासळीच लागत न्हाय तुज्या कालवणात! ती काय पोहून गेली?"

आता जीभ बिचारी खारट, आंबट, गोड, कडू एवढंच सांगू शकते. घोळ कुठली आणि बोंबील कुठला, हे ओळखायचं काम नाकाचं. घास तोंडात गेला की त्याचा वास घशामागून वर नाकात जातो, आणि श्रेय मात्र जीभ घेते. पण हे नीराबाईला सांगायचं कुणी?

तिने उरलेल्या घोळीचा तुकडा उचलून नाकाशी धरला. जोरात वास घेतला. पुन्हा घेतला. मग तो तुकडा हातात घेऊन ती तरातरा ओट्यावर आली. तिथे नवरा, हरेश्वर, जाळं विणत बसला होता.

"अवो, ही घोळ कुठून आणलीत?"

"कुठून म्हंजे? माज्या होडीतून! पहाटं जाळ्यात उडत व्हती!"

"हिला वास न्हाय!"

"ताज्या मासळीला घाण कशी येल गो?"

"घाण न्हाय आणि दर्याचा वास पन न्हाय! पाव्हण्यांच्या ताटात कसली मासळी वाढू?"

तीस वर्षं होडीवर तांडेलकी केलेल्या माणसाच्या मासळीवर संशय! हरेश्वरने विणायची सुई खाली टाकली, टोपी डोक्यावर ठेवली आणि "आज मी जेवाय न्हाय!" असं गरजून तो बंदरावर निघून गेला. कमळचा नवरा दर्यावर गेलेला, त्यामुळे पाव्हण्यांचं स्वागत करायला आता घरात पुरुष उरला नाही.

मग मसाल्याची पाळी आली. नीराबाईने बरणी उघडून नाक आत घातलं. धणे नाहीत, खसखस नाही, काही नाही. चिमूटभर जिभेवर टाकला तर भाजलं.

"बघ! नुसती आग हाय, वास न्हाय. लाकडाचा भुसा घालून मिरची लावलीय वर! गोऱ्यांचं राज जाऊन सवराज आल्यापासून ह्या कांडणाऱ्या बायांना कुणाचा धाकच उरला न्हाय!"

"कालपरयंत तर बरा व्हता," कमळ पुटपुटली.

"तू गप ऱ्हा. चुलीपुढून हो बाजूला."

आणि नीराबाई स्वतः चुलीशी बसली. एक पळी मसाला घातला, चाखलं. जीभ चुरचुरली. तेवढ्यानेच तिला हायसं वाटलं, कारण सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं. अजून एक पळी घातली. मग अजून एक. काशी दारात उभी राहून ते पाहत होती आणि तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"आये, पुरं झालं ना!"

"तुज्यासाठीच करताय मी! तू साडी नेस जा!"

पाव्हणे आले, पानं मांडली. वाढणं चालू असताना आवडाबाईने विचारलं, "कालवण कुणी केलंय?"

अशा वेळी मुलीने केलं असंच सांगायची रीत असते. नीराबाईने ती पाळली. "आमच्या काशीनं. मी हात पन न्हाय लावला."

पहिल्या घासाला आवडाबाईला ठसका लागला. शिवदासचे कान तांबडे झाले. त्याने लोटाभर पाणी प्यायलं, दुसरा लोटा मागितला, आणि तरी काशीकडे बघत भाताचा घास मोडत राहिला. आता सगळ्यांची नजर म्हाताऱ्याकडे होती. बाळाजीने कनवटीची डबी काढली, दोन्ही नाकपुड्यांत तपकिरीच्या दोन चिमटी भरल्या आणि कालवणाचा भुरका मारला.

तो थांबला. कपाळावर घाम आला. काशीने डोळे मिटून घेतले.

"वा!" म्हातारा म्हणाला. "किती वर्सांनी तोंडाला काय लागलं! बाकीच्यांकडं नुसतं पाणी प्यालो. वाढ पोरी, अजून वाढ. पोर पसंत!"

पन्नास वर्षं तपकिरीने बुजलेल्या त्या नाकाला कोणत्याही गावचं कालवण कळणं शक्य नव्हतं. मिरचीला मात्र नाक लागत नाही. ती जिथे पडेल तिथे भाजते.

आवडाबाईने डोळे पुसत मान हलवली. शिवदासने तर आधीच हलवली होती. पुढच्याच महिन्यात लग्न धरायचं ठरलं आणि म्हातारा ढेकर देत ओट्यावर जाऊन बसला.

घरातल्या बायका मागाहून जेवायला बसल्या. नीराबाई खुशीत होती. तिने भातावर कालवण घेतलं आणि त्याच्या वाफेने तिचं नाक मोकळं झालं. पहिला घास तोंडात गेला, आणि सकाळपासून हरवलेलं सगळंच एकदम भेटलं. मसाल्याखाली गुदमरलेली घोळ, करपलेली मिरची, आणि आग. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

"कमळ!" ती किंचाळली. "ह्या कालवणाची वाट कुणी लावली?"

कमळने शांतपणे भाकरी मोडली. "काशीनं. पाव्हण्यांम्होरं तुमीच बोललाव."

ओट्यावरून बाळाजीचा आवाज येत होता, सून घरात आली की रोज असंच कालवण करायचं, म्हणून तो शिवदासला बजावत होता. नीराबाईने लेकीकडे पाहिलं, पाणी प्यायलं आणि कष्टाने घास गिळला.

"व्हय," ती म्हणाली. "पोरीचा हात पहिल्यापासून जडच हाय. किती सांगितलं, पन ऐकल तर शपथ!"