जावयाचा किल्ला

"ॲसिडचं मला शिकवू नगंस! फौजी माणूस हाय मी!" नाथाजी फोनवर गरजले.

कोरेगावात त्यांना सुभेदार म्हणतात. फौजेत ते लंगरमध्ये डाळ ढवळायला होते. पण रिटायर होऊन आलेल्या माणसाला सगळंच येतं असं गाव धरून चालतं, आणि मूर्खपणा असा की तो माणूसही तसंच धरून चालतो!

फोनच्या पलीकडं सांगलीहून त्यांची लेक क्रांती. तिच्या नवऱ्याचं, शिवतेजचं, तिथं फरशीचं दुकान. त्यानं सासऱ्यांच्या माशांच्या टाकीसाठी संगमरवराचा मुठीएवढा किल्ला स्वतःच्या हातानं घडवून दिला होता. बोअरच्या पाण्यानं आणि शेवाळानं त्याची पार रया गेलेली. आणि अधिक महिना म्हणून जावई उद्याच जेवायला येणार! किल्ला असा बघितला असता तर सुभेदारांचं नाक कापलं गेलं असतं.

"आप्पा, हातमोजे घाला. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. दगड धुऊन झाला की बादलीत खायचा सोडा टाका, थोडा थोडा. फेस थांबला की ॲसिड मेलं, मगच वता. पर दगड कंचा हाय?"

"दगड त्यो दगड!" नाथाजींनी फोन ठेवला.

अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, परसात ॲसिडची बादली. किल्ला आत पडला आणि बादली अशी फसफसली की नाथाजींची छाती फुगली. "बघ, घाण कशी निघतीया!"

"आवं, काढा आता," बायको राहीबाई म्हणाल्या.

"मुरू दे! मटकी तासाभरात मोड धरती व्हय?"

किल्ला रात्रभर मुरला. सकाळी बादली एकदम गप्प. नाथाजींनी चमचाभर सोडा टाकला. पाणी ताकासारखं गढूळ झालं, पण फेस नाही! वाटीभर टाकला. तरी नाही!

"आगं, फेस यीना!"

"नसंल यायचा."

"आल्याबिगर थांबंल कसा? फेस थांबंस्तवर टाकायचा, हुकूम हाय!"

डबा रिकामा झाला. "आवं, जावयाच्या भज्यांचा सोडा हुता त्यो!" राहीबाई कळवळल्या.

कुंपणावरून शेजारचा कोंडीबा डोकावला. "सुभेदार, ताक केलंय का?"

"लांब हो! लय जहाल ॲसिड हाय! डबाभर सोडा गिळला, पर ढेकर न्हाई!"

झालं! कोंडीबाच्या तोंडात गेलं ते गल्लीत गेलं. शेरडं सोडून लांब नेली, पोरं घरात कोंडली, आणि घराघरातून सोडा आला. दुकानदारानं होती तेवढी पाकिटं पाठवली. सगळी बादलीच्या पोटात! नाथाजी हेल्मेटच्या आत घामाघूम. परसात ॲसिड जिवंत आणि दारात जावई!

"पाव्हणं, आत जाऊ नगा!" कोंडीबानं शिवतेजला अडवलं. "सासरा ॲसिडशी लढतुया!"

शिवतेज आत आला. त्यानं हातमोजा चढवून बादलीच्या तळाचा चिखल चाचपला आणि हरभऱ्याएवढा खडा वर काढला.

"मामा, ह्ये काय?"

नाथाजींनी हेल्मेट काढलं. "तुमचा किल्ला."

"आवं, संगमरवर म्हंजे चुनखडीच की! ॲसिडनं किल्ला खाल्ला, किल्ल्यानं ॲसिड मारलं. दोगं रातीच गेलं! तुमी सकाळपासनं मढ्यावर सोडा टाकताय!"

मग कोंडीबा म्हणाला, "कायबी म्हणा, सुभेदारांनी एक गोळी न झाडता किल्ला पाडला!"

जेवायला बसले. राहीबाईंनी मान खाली घालून भजी वाढली. सोडा गल्लीत चिमूटभर उरला नव्हता. शिवतेजनं पहिलं भजं दाढेखाली धरलं, गाल चोळला आणि तोंडातून परत बाहेर काढलं. मग ताटावरून उठला आणि शांतपणे ते टाकीत सोडलं. भजं थेट तळाला जाऊन बसलं. मासे बाजूला सरले.

"ऱ्हाऊ द्या मामा," तो म्हणाला. "ह्याला कंचं ॲसिड लागायचं न्हाई."